शिळा भात, ताजी फोडणी

सीक्वेलचा विषय निघाला की मराठी घरात आधी आठवते ती शिळी कढी आणि तिला आणलेला ऊत. म्हण खोटी नाही, पण अपुरी आहे. त्याच घरात रात्री उरलेल्या भाताला सकाळी मोहरी, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी बसते, आणि तो ताटात पडला की रात्रीचा ताजा भात कुणाला आठवतही नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांचे दुसरे भाग मी या दोन भांड्यांत वाटून ठेवले आहेत. ऊत आलेले ढीगभर, फोडणीचे मोजके. त्या मोजक्यांना नेमकं काय साधतं, एवढाच प्रश्न आहे. आणि तो बोरिवलीत बसून विचारण्यात काही वावगं नाही, कारण त्याच्या उत्तराचे बरेच तुकडे परळपासून मिरा रोडपर्यंतच पसरलेले आहेत.

पहिल्या भागाला एक सोय असते. शक्ती कुठून आली, ती आल्यावर पोरगं काय करतं, मुखवटा कसा शिवला जातो, एवढ्यावर दीड तास सहज निघतो. कोळी चावला, परग्रहावरून कुणी उतरलं, काहीही चालतं. दुसऱ्या भागाच्या वेळी ही शिदोरी संपलेली असते. मग बहुतेक निर्माते गुणाकार करतात. एका खलनायकाचे तीन होतात, पडणाऱ्या एका इमारतीच्या दहा होतात. शहाणे असतात ते वेगळाच हिशेब काढतात. या शक्तीचं देणं कोण फेडतंय? घरभाडं कुठून येतं? शेजारच्यांना काय वाटतं?

सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन २' २००४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे लागला. पहिला भाग आम्ही मित्रांनी शिट्ट्या वाजवत पाहिला होता, दुसऱ्यालाही त्याच तयारीने गेलो. पडद्यावर पीटर पार्कर पिझ्झा वेळेत पोचवू शकत नव्हता, त्याचं भाडं थकलं होतं आणि लाल-निळा पोशाख बाकीच्या कपड्यांबरोबर धुतल्यामुळे पांढऱ्यांना रंग लागला होता. सुपरहिरोच्या कपड्यांचा रंग जातो, हे आधी कुणी दाखवलंच नव्हतं. पुढे तो धावती आगगाडी अंगावर झेलून थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. तोंडावर मुखवटा नसतो. डब्यातली माणसं त्याला डोक्यावरून, हातोहात आत घेतात. विरार लोकलमध्ये दारातल्या माणसाची बॅग जशी न बोलता पुढे सरकत रॅकवर जाते, अगदी तशी. हा तर पोरगाच आहे, असं कुणीतरी म्हणतं. दोन मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. आमच्या रांगेत त्या वेळी शिट्टी वाजली नाही.

ख्रिस्तोफर नोलनने २००८ मध्ये आपल्या बॅटमॅनच्या दुसऱ्या भागात, 'द डार्क नाइट'मध्ये, हीच गोष्ट दोन बोटींवर नेऊन ठेवली. एका बोटीत कैदी, दुसरीत नागरिक, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवण्याची कळ. हीथ लेजरच्या जोकरबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. चित्रपट लागण्याआधी काही महिने तो गेला आणि ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. पण माझ्या लेखी त्या चित्रपटाचा कणा जोकर नसून ती बोट आहे. शहरातल्या साध्या माणसांना तिथे मत देता येतं. पहिल्या भागात शहर वाचवायचं असतं, दुसऱ्यात शहर स्वतः काहीतरी ठरवतं.

हे सगळं अमेरिकेत सुरू झालं असा आपला समज असतो. तो चूक आहे. १९३५ साली, म्हणजे सुपरमॅन कॉमिकच्या कागदावर उमटायच्या ३ वर्षं आधी, परळच्या वाडिया मूव्हिटोनने 'हंटरवाली' काढला. राजकुमारी मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि अन्याय करणाऱ्यांना झोडपते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली मेरी एव्हान्स, म्हणजेच फिअरलेस नादिया, तिच्या भूमिकेत होती. वितरकांना धीर झाला नाही, म्हणून वाडियांनीच चित्रपट लावायची व्यवस्था केली. मग तो असा चालला की हंटरवालीच्या नावाने पट्टे, चाबूक आणि आगपेट्या बाजारात आल्या आणि कुणी कुणाची परवानगी घेतली नाही. सुपरहिरोच्या नावावर माल विकणं आपण हॉलिवूडकडून शिकलो असं म्हणणाऱ्यांनी ही आगपेटी लक्षात ठेवावी.

पुढे भावाभावांत वाटा फुटल्या. जे. बी. एच. वाडियांना गंभीर विषय हवे होते, होमी वाडियांना मारधाड. परळची स्टुडिओची जागा व्ही. शांतारामांकडे गेली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. आपण मराठी माणसं त्या जागेकडे शांतारामांची म्हणून पाहतो, पण आधी तिथे नादिया घोड्यावरून उड्या मारत होती. होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स काढलं आणि १९४३ मध्ये पुन्हा नादियाला घेऊन 'हंटरवाली की बेटी' आणला. तो चालला आणि नव्या कंपनीचे पाय रोवले गेले. पुढे बसंतचा स्टुडिओ चेंबूरला झाला, म्हणजे मुखवटा उपनगरात राहायला आला.

त्या शीर्षकात एक गोष्ट दडलेली आहे. 'हंटरवाली पुन्हा आली' किंवा 'हंटरवाली दोन' असं नाव नाही. 'हंटरवालीची मुलगी' आहे. हॉलिवूडचा दुसरा भाग म्हणजे तोच माणूस, पुढच्या वर्षी. आपल्याकडे दुसरा भाग नात्यातून येतो, मुलगी येते, मुलगा येतो. त्यामुळे आपल्या दुसऱ्या भागाला एक जादा हत्यार आपोआप मिळतं, ते म्हणजे वारसा. वारशात घर येतं तसं घरावरचं कर्जही येतं. हे कर्ज ज्यांना दिसलं त्यांचे दुसरे भाग उभे राहिले.

'क्रिश' हे त्याचं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण. राकेश रोशन यांचा 'कोई... मिल गया' ऑगस्ट २००३ मध्ये आला. खरं तर तो सुपरहिरोचा चित्रपटच नव्हता. वयाने वाढलेला पण बुद्धीने लहान राहिलेला रोहित, त्याची आई आणि उन्हावर जगणारा, परग्रहावरचा निळा जादू, अशी ती गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून. तीन वर्षांनी, जून २००६ मध्ये, 'क्रिश' आला तेव्हा सगळ्यांना जादू परत हवा होता. रोशन यांनी तो आणला नाही. बालचित्रपटाचा दुसरा भाग त्यांनी मुखवट्याचा चित्रपट करून टाकला. एवढं मोठं वळण घ्यायला छाती लागते, आणि मी 'क्रिश'ला पहिले गुण इथे देतो.

दुसरे गुण आजीला. रेखाने केलेली ती आजी, म्हणजे रोहितची आई, नातवाला, कृष्णाला, घेऊन डोंगरात जाऊन राहते, कारण शक्तीने तिचा मुलगा नेला आहे. नातवातही तीच शक्ती आहे हे कळल्यावर तिला आनंद होत नाही, भीती वाटते. ती त्याच्याकडून वचन घेते की शक्ती कुणाला दाखवायची नाही. पुढे सिंगापूरमध्ये 'ग्रेट बॉम्बे सर्कस'च्या तंबूला आग लागते, मुलं आत अडकतात आणि कृष्णा पेचात सापडतो. वचन मोडायचं नाही आणि मुलंही मरू द्यायची नाहीत. तो तुटलेला काळा मुखवटा उचलून तोंडावर चढवतो. जगभरच्या सुपरहिरोंचे मुखवटे शत्रूपासून लपण्यासाठी असतात. हा मुखवटा आजीला दिलेला शब्द पाळण्यासाठी आहे. ती पळवाट आहे हे मान्य, पण ती आपल्या घरातली पळवाट आहे.

चित्रपटात दोष आहेतच. सिंगापूर पुष्कळदा पर्यटन खात्याच्या माहितीपटासारखं दिसतं आणि मध्यंतराआधीच्या प्रेमकथेतली वीस मिनिटं कुणालाही कापता आली असती. तरीही 'क्रिश' पहिल्या भागाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, असा माझा निकाल आहे.

'क्रिश ३' मात्र २०१३ च्या दिवाळीत आला तो गुणाकार घेऊन. मोठा खलनायक, त्याची मानवरांची फौज, विषाणू आणि कोसळणाऱ्या इमारती. विशेष म्हणजे या वेळी क्रिश मुंबईत राहत होता. सुरुवातीला त्याची नोकरी टिकत नाही, कारण कुठे काही झालं की हा धावतो. धागा सोन्यासारखा होता, पण पुढे तो कुठे हरवला ते कळत नाही. नागरिक क्रिशचा पुतळा उभारतात. मुंबईकर पुतळा उभारायला एका पायावर तयार असतात, एवढं निरीक्षण बरोबर, पण या शहराचं बाकी काहीच त्यात नाही. कंगना राणावतची रूप बदलणारी काया तेवढी लक्षात राहते. आता चौथा भाग येणार आहे. मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं की त्याचं दिग्दर्शन नायक असलेला त्यांचा मुलगा हृतिक स्वतः करणार. वारसा पडद्याबाहेरही गेला म्हणायचा.

मराठीकडे वळलं तर सुपरहिरो फार नाहीत. निखिल महाजन यांच्या 'बाजी'ने (२०१५) श्रेयस तळपदेला घोड्यावर बसवून चांगला प्रयत्न केला, पण त्याला दुसरा भाग लाभला नाही. दुसऱ्या भागाचं आपलं ठळक उदाहरण खलनायकाचं आहे. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ चा, 'झपाटलेला २' हा २०१३ चा आणि थ्रीडी. रामदास पाध्ये यांच्या बाहुलीतला तात्या विंचू परत आला, आवाज पुन्हा दिलीप प्रभावळकरांचा. इथेही नातं होतंच, लक्ष्याचा मुलगा नायक. पण लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते आणि ती पोकळी चष्म्यातून आणखी खोल दिसत होती. 'ब्लॅक पँथर'च्या दुसऱ्या भागावर नायक चॅडविक बोसमन नसताना हीच वेळ आली. त्यांनी ते दुःखच चित्रपटाचा विषय केलं. आपण बाहुलीला जास्त काम दिलं. बाहुली बिचारी किती ओझं उचलणार?

मध्येच एक तक्रार नोंदवतो. हल्ली पहिल्या भागाच्या नावातच 'भाग पहिला' लिहिलेलं असतं. 'ब्रह्मास्त्र'ने २०२२ मध्ये तेच केलं. जेवायला बसायच्या आधीच उद्याच्या फोडणीसाठी भात बाजूला काढून ठेवायचा असेल, तर आज पोटभर वाढणार कोण?

आता मुंबटन. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' जून २०२३ मध्ये भारतात लागला. हा 'इनटू द स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग. पहिल्याला अॅनिमेशनचं ऑस्कर मिळालेलं, तेव्हा अपेक्षा डोंगराएवढ्या. या भागात मुंबई आणि मॅनहॅटनची मोट बांधून केलेलं एक उभंच्या उभं शहर आहे आणि त्यात पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडर-मॅन राहतो. मराठी कानाला हे नाव जरा अडखळवतं. प्रभाकर हे आपल्याकडे आडनावापेक्षा वडिलांचं नाव जास्त. तो मुळात २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या चार अंकांच्या कॉमिकमधला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला, गावाकडून शिकायला मुंबईत आलेला, धोतर नेसणारा. चित्रपटात त्याला आवाज आहे करण सोनीचा, जो 'डेडपूल'मध्ये टॅक्सीवाला दोपिंदर होता. सात वर्षांत टॅक्सीच्या चाकामागून थेट इमारतींवर.

मुंबटनचं रूप १९७० च्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय, असं ते रचणाऱ्यांनी सांगितलं आहे. इंद्रजाल बोरीबंदरच्या टाइम्स समूहाचं, १९६४ पासूनचं. मराठीतही निघायचं. त्यातल्या वेताळाची कवटीची अंगठी आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांनी वहीच्या मागच्या पानावर काढलेली आहे. छपाईत रंग ओळीबाहेर सरकायचा, चेहरा कधी गुलाबी तर कधी नारिंगी. मुंबटनचे रंग पाहताना त्या सरकलेल्या रंगांची आठवण झाली. बोरीबंदरहून आमच्या घरात आलेली गोष्ट लॉस एंजेलिसला फेरी मारून परत आली होती. चहा आणि वाहतूक कोंडीवरचे विनोद सोपे आहेत, तरी थिएटर हसलं. मीही हसलो.

पण हा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा ठरतो तो रंगांमुळे नाही. त्यात एक नियम आहे. प्रत्येक विश्वातल्या स्पायडर-मॅनने तेच ठरलेलं दुःख भोगलं पाहिजे, जवळचा पोलीस अधिकारी मेला पाहिजे, नाहीतर त्याचं विश्वच कोसळेल. पवित्रच्या बाबतीत हा अधिकारी त्याच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग. चित्रपटाचा नायक माइल्स मोरालेस नियम मोडून त्यांना वाचवतो आणि मुंबटनला भगदाड पडू लागतं. नीट पाहिलं तर हा सीक्वेलवरचाच वाद आहे. जुनी गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडलीच पाहिजे का, असं हा चित्रपट विचारतो आणि नाही म्हणतो. वारशातलं देणं नाकारायचा हक्क मागणारा दुसरा भाग मी तरी दुसरा पाहिलेला नाही. दोष एकच, पण मोठा. १४० मिनिटांनंतर तो गोष्ट अर्ध्यावर तोडतो. माझा भाचा खुर्चीतून उठायलाच तयार नव्हता, त्याला वाटलं वीज गेली.

नावांची पट्टी सरकत होती म्हणून आम्ही बसलो. सुपरहिरोंच्या चित्रपटांत शेवटी काहीतरी दाखवतात या आशेने हल्ली सगळेच बसतात, आणि त्यामुळे एरवी कुणी न वाचलेली नावं वाचली जातात. हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांच्या दृश्यपरिणामांच्या यादीत भारतीय आडनावांच्या रांगा असतात. गोरेगाव-अंधेरी पट्ट्यात असं काम करणारे मोठे स्टुडिओ आहेत. चौकटीमागून चौकट घेऊन माणसाची कड कापायची, दोरी पुसायची, तार पुसायची. उडणाऱ्याची तार पुसणारी मुलं रात्रपाळी संपवून पहिल्या लोकलने घरी जातात.

उपनगराचा स्वतःचा सुपरहिरो शोधायचा तर विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी सुपरहिरो' घ्यावा लागेल. जून २०१८ मध्ये आला आणि पडला. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात भारावलेली तीन पोरं कागदी पिशव्यांचे मुखवटे करून शहरातल्या बारीकसारीक गुन्ह्यांमागे लागतात. पुढे प्रकरण पाणीचोरीपर्यंत जातं. टँकर, पाइपलाइन, राजकारणी. ज्याच्या नावाचा चित्रपट तो भावेश वाटेतच मारला जातो आणि त्याचा मित्र मुखवटा उचलतो. म्हणजे याच चित्रपटाच्या पोटात दुसरा भाग आहे, आणि वारस मुलगा नसून मित्र आहे. हंटरवालीपासून चालत आलेली नात्याची रीत इथे पहिल्यांदा मोडली.

त्यातला राजकारणी निशिकांत कामत यांनी केला होता. याच कामतांनी २००५ मध्ये 'डोंबिवली फास्ट' दिग्दर्शित केला होता. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे, बँकेतला कारकुनी माणूस, रोजच्या लोकलला आणि रोजच्या तडजोडीला विटून एक दिवस बॅट हातात घेतो. आपटेला शक्ती नव्हती, मुखवटा नव्हता, आणि त्याचा दुसरा भाग निघणं शक्यच नव्हतं. तरी 'भावेश जोशी' हा मला त्याचाच दुसरा भाग वाटतो. आपटेचा राग पुढच्या पिढीतल्या पोरांकडे आला, आणि आपटेला घडवणारा माणूस तेरा वर्षांनी समोरच्या बाजूला, खुर्चीत बसलेला. ऑगस्ट २०२० मध्ये कामत गेले. 'भावेश जोशी'चा शेवट नव्या सुरुवातीसारखा आहे, त्याचा पुढचा भाग मात्र आलेला नाही. न आलेल्या सगळ्या दुसऱ्या भागांत मला हाच हवा होता.

'भावेश जोशी'तल्या पाण्यावरून आठवलं. इंद्रजालमध्ये १९७६ साली एक देशी नायक आला, बहादूर. कुर्ता आणि जीन्समधला, चंबळच्या डाकूंशी लढणारा. त्याला जन्म देणारे आबिद सुरती यांचा जन्म १९३५ चा, म्हणजे 'हंटरवाली'च्या वर्षातला. ते मिरा रोडला राहायला गेले आणि २००७ पासून दर रविवारी प्लंबर आणि एक मदतनीस घेऊन इमारतींचे जिने चढू लागले. घरोघर जाऊन गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. बहादूरचा यापेक्षा चांगला दुसरा भाग कुणी काढला नसता.

शेवटी एक विनंती. २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन ३' भोजपुरीत आला होता. २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. त्याचा पुढचा भाग, 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', २०२७ साठी जाहीर झालेला आहे. तो मराठीत लागला तर घरातल्या पोरांना घेऊन पहिल्या शनिवार-रविवारीच जा. मराठी खेळाला तीन दिवसांत माणसं दिसली नाहीत तर सोमवारी तो पडद्यावर नसतो.